ॲव्हरोला निरोप, पण वेळेवर

दिवाळीनंतर पुण्यात आमच्या बॅचच्या मंडळींचं जेवण झालं. वर्षातून एकदा जमतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला नातू झालेला असतो. ईसीएचएसच्या औषधांवरून अर्धा तास जातो आणि मग गाडी जुन्या पोस्टिंगांकडे वळते. यंदा एकानं मोबाइलवर बडोद्याच्या नव्या सी-295 विमानाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "संपलं रे आपलं ॲव्हरो."

टेबलावर एकदम हळहळ. "काय मशीन होतं!" "इंग्रजाचं काम, मजबूत." "अजून वीस वर्षं आरामात उडवलं असतं." मी भजी खात होतो. तोंडातून निघून गेलं, "वीस वर्षांपूर्वीच थांबवायला हवं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या शेजारी बसलेला मित्र येलहंक्याला माझ्याबरोबर एकाच बिलेटमध्ये राहिलेला. तो म्हणाला, "तू बोलतोस हे? तुझी अर्धी नोकरी त्याच्या पंखाखाली गेलीय."

गेली, खरं आहे. म्हणूनच बोललो. पण जेवणाच्या टेबलावर चार वाक्यांत ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मी एअरफ्रेम फिटर. 1983 साली बेळगावला सांब्र्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये भरती झालो, मग तांबरमला ट्रेड ट्रेनिंग आणि पहिलं पोस्टिंग येलहंका. बंगळूरच्या बाहेर तेव्हा तो अगदी निवांत भाग होता. वायुसेनेच्या वाहतूक वैमानिकांच्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या आणि बऱ्याच जणांचं शिक्षण ॲव्हरोवर झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या विमानाला हात लावला तेही ॲव्हरोच. त्याआधी विमान म्हणजे गावावरून जाणारी पांढरी रेघ.

ज्यांनी ॲव्हरो पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, पंख खाली, पोटाच्या तळाशी. इंजिनं पंखाच्या वर चढवून बसवलेली आणि त्यांच्या खाली चाकं आत घ्यायला फुगीर पोकळी. त्यामुळे समोरून पाहिलं की दोन्ही बाजूंना गालफुगी आल्यासारखं दिसायचं. खिडक्या मोठ्या, लंबगोल. चाळीस-पंचेचाळीस माणसं बसायची. इंजिन रोल्स-रॉइसचं डार्ट. या डार्टचा आवाज ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही. सुरू करताना आधी बारीक शीळ, मग ती चढत चढत कानात सुई घातल्यासारखी. माझ्या डाव्या कानाला आजही उंच पट्टीतलं काही ऐकू येत नाही. प्रेशर कुकरची शिटी झाली की बायको स्वयंपाकघरातून येऊन मला सांगते.

नागपुरात मे महिन्यात उड्डाणाच्या वेळी काय व्हायचं तेही सांगतो. उन्हानं हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद पडते. त्यावर डार्टमध्ये पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण सोडायची सोय होती. उड्डाणाच्या त्या थोड्या वेळापुरती गेलेली ताकद परत मिळायची. पारा पंचेचाळिसावर, टार्मॅकवर बुटाचे तळवे भाजताहेत आणि आम्ही ते मिश्रण भरतो आहोत. त्या मेथॅनॉलचा वास, केरोसीनचा वास आणि घामानं भिजलेली डांगरी. डोळे मिटले की आजही सगळं जसंच्या तसं येतं. तेव्हा मला या विमानाची माया नाही असं कुणी म्हणू नये.

आता "इंग्रजाचं काम" या वाक्याकडे येतो. ते अर्धंच खरं आहे.

1957 साली ब्रिटिश सरकारनं संरक्षणाचं नवं धोरण जाहीर केलं. पुढचा काळ क्षेपणास्त्रांचा, वैमानिक बसलेली नवी लढाऊ विमानं फारशी लागणार नाहीत, असा त्याचा सूर होता. लँकेस्टर आणि व्हल्कन बॉम्बर बनवणाऱ्या ॲव्हरो कंपनीला पोटापाण्यासाठी प्रवासी विमानांकडे वळावं लागलं. जगभर दुसऱ्या महायुद्धातली डाकोटा विमानं थकत चालली होती, त्यांच्या जागी लहान धावपट्टीवर उतरणारं साधं, काटक विमान हवं होतं. त्यातून 748 जन्माला आलं. मँचेस्टरजवळच्या वुडफर्डहून त्याचं पहिलं उड्डाण झालं 24 जून 1960 रोजी.

आपण मात्र त्याच्या आधीच, 1959 मध्ये, ते भारतात बनवायचा करार केला होता. आणि ते काम आधी कुणा कंपनीकडे दिलं नाही. वायुसेनेनं स्वतः कानपूरला जुन्या हँगरांमध्ये कारखाना मांडला. त्यामागचा माणूस म्हणजे एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग. आम्हा एअरमन मंडळींना या नावाचा वेगळा अभिमान आहे, कारण हा माणूस वायुसेनेत आला तो हवाई शिपाई म्हणून. हातात पाना घेऊन. तिथून तो मेंटेनन्स कमांडच्या प्रमुखपदापर्यंत चढला. कानपूरला जोडलेलं पहिलं ॲव्हरो 1 नोव्हेंबर 1961 रोजी उडालं, म्हणजे वुडफर्डच्या पहिल्या नमुन्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी. त्याला नाव दिलं 'सुब्रतो'. आपले पहिले भारतीय हवाई दलप्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी वर्षभरापूर्वीच गेले होते, त्यांच्या आठवणीत.

पुढे हा कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये गेला आणि ऐंशीच्या दशकापर्यंत तिथे 89 ॲव्हरो बनली. 72 वायुसेनेला, 17 इंडियन एअरलाइन्सला. नकाशे इंग्रजांचे होते, इंजिनाचं मूळ इंग्रजांचं होतं. पण रिव्हेट ठोकणारे हात कानपूरचे होते, आणि पुढची साठ वर्षं ते विमान हवेत ठेवणारे हात साताऱ्याचे, आराचे, पलक्कडचे आणि रोहतकचे होते. इंग्रजांचं म्हणाल तर त्यांच्या हवाई दलानं याच विमानाची अँडोव्हर नावाची आवृत्ती घेतली. तिला मागे रॅम्प होता आणि माल चढवताना ती उंटासारखी गुडघे टेकायची. मालवाहतुकीच्या कामातून ती त्यांनी सत्तरच्या दशकातच काढून टाकली. वुडफर्डचा कारखाना 2011 मध्ये बंद झाला, आता तिथे ॲव्हरोचं संग्रहालय आहे. बनवणाऱ्याच्या घराला कुलूप लागलं तरी आपलं ॲव्हरो उडतच होतं.

ही शाबासकी कुणाची? माझ्या मते विमानाची थोडी आणि माणसांची जास्त.

आणि शाबासकी देताना गेलेल्यांनाही विसरू नये. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ॲव्हरो पनवेलजवळच्या डोंगरात कोसळलं. पावसाळी हवा होती. 45 जण गेले. 11 जानेवारी 1999 रोजी अरक्कोणमजवळ पाठीवर रडारची मोठी थाळी बसवलेलं प्रायोगिक ॲव्हरो पडलं. चार शास्त्रज्ञ आणि वायुसेनेचे चार जण त्यात गेले. या दोन्हींचा विमानाच्या वयाशी संबंध नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. ॲव्हरो हे धोकादायक विमान होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती समजायला 1994 च्या हिवाळ्यात जावं लागेल.

तेव्हा मी ईशान्येकडच्या एका तळावर होतो, सार्जंट. तळाचं नाव सांगत नाही. आमच्याकडून कुरियर जायचं. कुरियर म्हणजे फौजेची हवेतली एसटी. ठरल्या दिवशी निघायचं, दोन-तीन ठिकाणी थांबत जायचं. त्यात साहेब लोक असायचे, टपालाच्या थैल्या असायच्या, सुटे भाग असायचे, कधी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी असायची आणि नेहमी असायचे छुट्टीवर निघालेले जवान. ईशान्येतून महाराष्ट्रात घरी पोचायला आगगाडीनं चार-पाच दिवस सहज जायचे. कुरियरमध्ये जागा मिळाली तर त्यातले दोन दिवस वाचायचे. छुट्टीतले दोन दिवस म्हणजे काय, हे नोकरी केलेल्यालाच कळेल.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. उड्डाणापूर्वीची तपासणी करताना उजव्या चाकाच्या पोकळीत मला लालसर तेल दिसलं. हायड्रॉलिकचं. फडक्यानं पुसलं. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. हलणाऱ्या भागाच्या सीलमधून एखादा थेंब आला तर त्याला मर्यादा असते, त्या मर्यादेत विमान जाऊ शकतं. पण हे तेल पाइपच्या जोडातून येत होतं, आणि तो जोड हलत नाही. तिथून थेंबही येता कामा नये. चाकं वर घेणं, खाली सोडणं, ब्रेक लावणं, सगळं त्या तेलाच्या दाबावर.

सील बदलायला हवं होतं. स्टोअरमध्ये विचारलं, नाही. मागणी कधीची गेली होती? सहा महिन्यांपूर्वी. वरच्या कचेरीतून उत्तर? नाही. शेजारी एक ॲव्हरो सुट्या भागांची वाट बघत उभं होतं, त्याच्या अंगावरून आम्ही आधीच बरंच काही काढून दुसऱ्यांना लावलं होतं. त्याचं सील काढून पाहिलं तर ते ह्याच्याइतकंच कडक झालेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक विमानाचा एक फॉर्म 700 असतो. त्यावर तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. माझे वॉरंट ऑफिसर साहेब तामिळ होते, अतिशय शांत माणूस. त्यांनी वाकून जोड पाहिला, बोट लावलं, तेल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "सार्जंट, सही तुझी, निर्णय तुझा." कॅप्टन स्क्वॉड्रन लीडर होते. तेही आले. त्यांनी एवढंच विचारलं, "तू स्वतः यात बसून जाशील?" मी म्हणालो, "नाही सर." ते म्हणाले, "मग मीही नाही." आणि परत फिरले.

प्रवासी शेडमध्ये तीस-बत्तीस जण बसले होते. मी सांगायला गेलो तेव्हा एक जवान उठून माझ्यामागे बाहेर आला. मराठा लाइट इन्फंट्रीचा, वय बावीस-तेवीस. माझ्या छातीवरचं नाव वाचून म्हणाला, "दादा, मराठी का?" मग खिशातून तार काढून दाखवली. वडील सीरियस, ताबडतोब निघा. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं.

म्हणाला, "दादा, थोडंसं तेल गळतंय तर काय झालं? आमची एसटी रोज गळते, तरी चढते की आंबोलीचा घाट."

मी त्याला काहीतरी समजावलं. काय समजावलं ते आठवत नाही. तो ऐकत होता की नाही तेही कळलं नाही. कुरियर रद्द झालं. त्याला आमच्या मेसमध्ये जेवायला घातलं, गाडीची व्यवस्था करून रेल्वे स्टेशनला सोडलं. माझा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला, पोचल्यावर पत्र टाक म्हणालो.

सील तीन दिवसांनी दुसऱ्या विमानातून आलं. जोड उघडला तर पाइपच्या तोंडाशी केसासारखी बारीक भेग होती. उडालो असतो तर दाबाखाली ती फाकली असती का? असतीही, नसतीही. त्या दिवशी विमान सुखरूप पोचलंही असतं. हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे आणि याचं उत्तर कुणाकडेच नाही.

दीड महिन्यानं आंतरदेशीय पत्र आलं. "दहाव्याला पोचलो. अग्नी धाकट्या भावानं दिला. तुम्ही सही केली नाही ते बरोबरच केलं असेल."

'असेल' हा शब्द मी विसरलो नाही.

मित्रहो, माझं म्हणणं इथे आहे. जुन्या विमानाची किंमत आपण अपघातांत मोजतो. अपघात झाला नाही की म्हणतो, बघा, किती गुणी विमान. पण चांगले तंत्रज्ञ असले तर म्हातारं विमान बहुधा पडत नाही, ते थांबतं. त्या थांबण्याची किंमत कुठल्याही अहवालात येत नाही. ती कुणी भरली? गडहिंग्लजच्या त्या पोरानं भरली. शेडमध्ये बसून छुट्टीचे दिवस मोजणाऱ्या प्रत्येकानं भरली. आणि थोडी आम्ही भरली, जे रात्री टॉर्च तोंडात धरून एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावत होतो आणि सकाळी त्याच कामाला 'जुगाड' म्हणून शाबासकी घेत होतो.

जेवणाच्या टेबलावर मित्रानं जो मुद्दा काढला तो खोटा नाही. तो म्हणाला, "विमान वयानं म्हातारं होत नाही, देखभालीनं होतं." धातूच्या बाबतीत बरोबर आहे. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, याचा हिशेब असतो, आणि कानपूरला ओव्हरहॉल होऊन आलेलं ॲव्हरो खरोखर नव्यासारखं असायचं. पण विमान नुसत्या धातूचं नसतं. त्याच्यामागे एक बाजारपेठ असते. डार्ट इंजिनाचं उत्पादन ऐंशीच्या दशकात थांबलं. 748 बनवणं इंग्लंडनंही त्याच दशकात थांबवलं. जगात ते उडवणारे कमी कमी होत गेले. मग प्रत्येक रबर, प्रत्येक गेज, प्रत्येक सील एक तर शोधत बसा, नाहीतर घरी बनवा. घरीही पुष्कळ बनलं, त्याचं श्रेय आहेच. पण विमानाचे हाडंसांधे शाबूत असून रक्त मिळेनासं होतं, तेव्हा ते म्हातारंच.

हे काय कुणाला माहीत नव्हतं? होतं. ॲव्हरोच्या जागी नवं विमान घ्यायला 2012 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. 2013 मध्ये प्रस्ताव मागवले. खासगी कारखान्यानं भारतात विमान बनवावं अशी अट होती, ती योग्यच होती. एअरबस आणि टाटा असा एकच जोड पुढे आला. एकच बोली आली की आपल्याकडे फाइल अडते, तशी ती अडली. 2015 मध्ये पुन्हा हिरवा कंदील. करार झाला सप्टेंबर 2021 मध्ये. 56 विमानं, सुमारे 21,935 कोटी रुपये. 16 स्पेनहून तयार, 40 बडोद्यात बनवायची. पहिलं सी-295 वायुसेनेत आलं सप्टेंबर 2023 मध्ये. म्हणजे मंजुरीपासून पहिल्या विमानापर्यंत अकरा वर्षं. 2012 मध्ये जो पोरगा अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाला, त्याला नवं विमान दिसलं तेव्हा त्याचं लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलं असेल. आणि मधली सगळी वर्षं तो कुणाच्या पंखाखाली टॉर्च धरून होता? ॲव्हरोच्याच.

या अकरा वर्षांत आपण माजी सैनिक काय करत होतो? "जुनं ते सोनं" म्हणत होतो. तिथे मला आपला राग येतो, माझ्यासकट. आपलं कौतुक फाइल अडवणाऱ्याच्या सोयीचं असतं. 'जवान तर खूश आहेत, विमान तर उडतंय' असं म्हणायला त्याला आपणच जागा करून देतो. मिग-21 च्या वेळी लोक निदान ओरडले, कारण त्यात वैमानिक जात होते. वाहतुकीच्या विमानासाठी कुणी ओरडत नाही. ते बिचारं उशिरा पोचतं एवढंच.

सी-295 मध्ये नवीन काय, असंही विचारलं गेलं. फिटरच्या नजरेनं एकच गोष्ट सांगतो. त्याला मागे रॅम्प आहे. आमच्या ॲव्हरोला बाजूचं दार. मागाहून मोठ्या दाराची मालवाहू ॲव्हरोही कानपूरनं बनवली, पण दार बाजूलाच. जीप आत घालायची म्हणजे कसरत. स्ट्रेचर आत घ्यायचं म्हणजे चार जणांनी वळणावर तोल सांभाळायचा. मी असे जखमी आत घेतलेत, वळताना त्यांचा चेहरा पाहिला आहे. रॅम्पवरून स्ट्रेचर सरळ आत जातं. एवढं एक कारण मला पुरेसं आहे. बडोद्याची 11 नंबरची स्क्वॉड्रन जुनी ॲव्हरोवाली, आणि नवं विमान पहिल्यांदा तिलाच मिळालं, याचं मला बरं वाटतं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच शहरात त्याच्या जोडणीच्या कारखान्याचं उद्घाटनही झालं. कानपूरच्या जुन्या हँगरात जे सुरू झालं होतं त्याचा पुढचा धडा तिथे लिहिला जाईल अशी आशा आहे. कानपूरला पहिलं विमान करारानंतर अडीच वर्षांच्या आत उडालं होतं, हे बडोद्याच्या पोरांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

मग ॲव्हरोला विसरायचं का? नाही. इथे मी हळहळणाऱ्यांच्या बाजूचा आहे, फक्त हळहळ कामाला लावा म्हणतो.

डाकोटाचं उदाहरण घ्या. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरच्या धावपट्टीवर शीख पलटणीचे जवान उतरले ते डाकोटातून. काश्मीर वाचवणाऱ्या गोष्टींत त्या विमानाचं नाव वरचं. पण पुढे जेव्हा आपल्याला एक उडतं डाकोटा जवळ असावं असं वाटलं, तेव्हा ते आपल्या हँगरात नव्हतं. भंगारात गेलेलं एक विमान राजीव चंद्रशेखर यांनी परदेशात शोधून विकत घेतलं. त्यांचे वडील वायुसेनेत डाकोटा उडवायचे. इंग्लंडमध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि 2018 मध्ये ते 'परशुराम' नावानं भारतात उडत आलं. फार चांगलं काम झालं. पण विचार करा, आपल्या अंगणातलं विमान आपल्याला समुद्रापलीकडून भेट म्हणून आणावं लागलं.

ॲव्हरोचं असं होऊ नये. ते तर आपण स्वतः बनवलं. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, कानपूरला बनलेलं एक तरी ॲव्हरो इंजिन सुरू होईल अशा अवस्थेत ठेवा. चौथऱ्यावर चढवून रंग फासलेली विमानं देशभर चौकाचौकांत आहेत. त्यांच्या चाकांत सिमेंट असतं आणि पोटात कबुतरं. पुढच्या पोरांना डार्टचा आवाज ऐकू द्या, लांबून. दुसरी, शेवटचं उड्डाण जेव्हा होईल तेव्हा ते कानपूरवरून न्या. 2023 च्या जूनमध्ये ब्रिटिश हवाई दलानं आपली हर्क्युलिस निवृत्त केली, तेव्हा ती देशभर फिरवून लोकांना दाखवली. लोक शेतात, रस्त्यावर येऊन उभे राहिले. आपणही ते करावं आणि खाली ज्यांना उभं करायचं त्यांत कारखान्यातले म्हातारे रिव्हेटर असावेत, नुसते पाहुणे नकोत.

तिसरी मागणी आपल्यासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. ॲव्हरोवर काम केलेल्या प्रत्येकाकडे एक वही आहे. मॅन्युअलमध्ये नसलेल्या गोष्टी त्यात आहेत. थंडीत कुठला सील आधी रडतो, कुठला बोल्ट उजव्या हातानं निघत नाही, कुठल्या पॅनलमागे हात घालताना मनगट कापतं. हे सगळं आपल्याबरोबर जळून जाणार. लिहून काढा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, नातवाला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा. उद्या बडोद्याचं विमान चाळीस वर्षांचं होईल, तेव्हा कुठल्या तरी सार्जंटला हे कळायला हवं की विमान म्हातारं कसं होतं आणि ते आधी कुठून सांगायला लागतं.

त्या रात्री जेवण उरकून निघताना मित्रानं स्कूटर सुरू करता करता विचारलं, "त्या मराठ्याचं पुढे काय झालं रे?" मी म्हणालो, माहीत नाही. नंतर पत्र आलं नाही. मीही टाकलं नाही, काय लिहायचं ते सुचलं नाही. आता तोही पेन्शनवर असेल. हे वाचनात आलंच त्याच्या, तर एवढं सांगायचं आहे. दादा, विमान गुणी होतं आणि सही न करणं बरोबर होतं. पण ते सील स्टोअरच्या फळीवर असायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी ते विमान बदलायला हवं होतं. तुझे वडील तुला भेटायला हवे होते.